सूर्यासमोर धरलेला कॅमेरा, हिरवे ठिपके आणि धुरकट फोटो : उपाय सुचवा

घाटावरची

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या गोदाघाटावर गावाकडच्या काठाला उभं राहून पंचवटीच्या दिशेने सकाळचे फोटो काढते आहे. अर्घ्य देणारी माणसं, ओंजळीतून सुटणारी पाण्याची धार, मागे नारोशंकराचं देऊळ, हे सगळं एका चौकटीत हवं तर सूर्याकडे तोंड करण्याला पर्याय नाही. ती धार चमकते ती उजेड समोरून आला की. सूर्य पाठीशी घेतला तर पाणी नुसतं पाणी दिसतं.

अडचण अशी की काही फोटोंत हिरवट-जांभळे ठिपके येतात. एका आजींच्या फोटोत असा ठिपका नेमका गालावर बसलाय. काही फोटोंत ठिपका नाही, पण सगळ्यावर दुधाळ पडदा आल्यासारखा दिसतो, काळ्या दगडाचा काळेपणाच जातो. आणि मधूनच एखाद्या फोटोत सूर्याला सुंदर किरणं फुटतात, चांदणीसारखी. ती का फुटतात तेही कळत नाही.

सामान साधं आहे : डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स (किट लेन्स), आणि दुकानदाराने पुढे बसवून दिलेला यूव्ही फिल्टर, म्हणजे एक सपाट काच. २०२७ च्या सिंहस्थापर्यंत घाटावरच्या सकाळी नीट टिपून ठेवायच्या आहेत. त्यासाठी महाग लेन्स घ्यावीच लागेल का?

त्र्यंबकवाट

आधी फिल्टर काढा, मग बाकीचं बोलू.

आजींचा फोटो उघडा आणि सूर्यापासून चौकटीच्या मध्यबिंदूतून सरळ रेघ ओढा. मध्याच्या पलीकडे, तेवढ्याच अंतरावर ठिपका असेल तर तो बहुधा फिल्टरचा. सेन्सरवर पडलेला उजेड उलटा परततो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. म्हणून ठिपका बरोबर समोरासमोर बसतो. रेघेवर पुढे-मागे पसरलेले लहान-मोठे ठिपके असतील तर ते लेन्सच्या आतल्या भिंगांचे.

घाटावरची

रेघ ओढून पाहिली. गालावरचा ठिपका तंतोतंत समोरासमोर आहे! बाकीचे दोन फिकट ठिपके त्याच रेघेवर, पण मध्याच्या जवळ. फिल्टर काढल्यावर पुढची काच खराब होईल अशी भीती वाटते, घाटावर पाणी उडतं.

काचवाला

लेन्स-कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या, लेप नसलेल्या काचेवर उजेड पडला की सुमारे ४ टक्के परत फिरतो. हे प्रत्येक पृष्ठभागावर होतं, काचेत शिरतानाही आणि बाहेर पडतानाही. किट लेन्समध्ये समजा भिंगांचे नऊ गट आहेत. म्हणजे हवेला लागून असलेले अठरा पृष्ठभाग. एकावरही लेप नसता तर निम्म्याहून कमी उजेड सेन्सरपर्यंत पोचला असता, जेमतेम ४८ टक्के. हरवलेला उजेड सगळाच बाहेर जात नाही. बराचसा आतल्या आत फिरत राहतो आणि शेवटी कुठेतरी सेन्सरवर सांडतो. दुधाळ पडदा म्हणता तो हाच.

ठिपका पडायला उजेडाने दोनदा परतावं लागतं, एकदा मागच्या पृष्ठभागावरून पुढे आणि मग पुढच्यावरून परत मागे. अठरा पृष्ठभागांच्या अशा १५३ जोड्या होतात. प्रत्येक जोडी एक ठिपका तयार करू शकते. बहुतेक इतके फिके किंवा इतके पसरट असतात की दिसत नाहीत, जे थोडेफार एकवटतात तेवढे दिसतात. ठिपक्याचा आकार षटकोनी दिसला तर तो डायफ्रामच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांच्या पडद्याच्या, भोकाचा आकार आहे.

यावर इलाज म्हणून लेप आला. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये लेन्सवर पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली. थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव पट ठेवली की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर दिला तरी परतणारा उजेड ४ वरून दीड टक्क्याच्या आसपास येतो. आता अनेक थर देतात आणि तो अर्ध्या टक्क्याखाली जातो. तुमच्या किट लेन्सलाही असा लेप आहेच. लेन्स तिरकी धरून ट्यूबलाइटखाली पाहा, जांभळट-हिरवट झाक दिसेल. ठिपक्यांना रंग येतो तोही त्यामुळेच, कारण लेप सगळ्या रंगांना सारखा अडवत नाही.

मग एवढं असून ठिपके का? कारण समोर सूर्य आहे. अर्धा टक्का गुणिले अर्धा टक्का म्हणजे मूळ उजेडाचा चाळीस हजारावा भाग. दिव्याच्या फोटोत एवढा उजेड कुणाला दिसणार नाही. सूर्याचा चाळीस हजारावा भाग मात्र आजींच्या सावलीतल्या गालावर सहज उठून दिसतो. त्यामुळे महाग लेन्सने फरक पडतो, ठिपके जात नाहीत. स्वस्त फिल्टरला मात्र पुष्कळदा लेपच नसतो, आणि तो तुम्ही चांगल्या लेप दिलेल्या भिंगापुढे लावता.

पाण्याची भीती असेल तर फिल्टर असू द्या, पण सूर्य चौकटीत घेताना काढून खिशात टाका. रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ, जाणार असाल तर लावाच, तिथे रंगाच्या पाण्यापासून काच वाचवणं जास्त महत्त्वाचं.

नवशिका

वाचनखूण साठवली. काचवाला, हूडने (लेन्सपुढे लावायच्या सावलीच्या कड्याने) हे थांबत नाही का? सगळीकडे 'हूड लावा' असंच सांगतात.

काचवाला

सूर्य चौकटीच्या बाहेर असेल तर थांबतं, आत असेल तर नाही. सूर्य फोटोत दिसत नसतो, पण त्याचं ऊन पुढच्या भिंगावर तिरकं पडत असतं. तेव्हाच धुरकटपणा सगळ्यात जास्त येतो आणि लोक बुचकळ्यात पडतात, कारण फोटोत सूर्य नाहीच. अशा वेळी हूड म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

झूम लेन्सचा हूड मात्र रुंद टोकाच्या मापाने कापलेला असतो, १८ ला कोपरे काळे होऊ नयेत म्हणून. ५५ वर गेलात की तो अपुरा पडतो. मग डावा हात. कॅमेरा स्टँडवर असेल तर लेन्ससमोर उभं राहून पुढच्या भिंगाकडे पाहा आणि तळहाताची सावली बरोबर त्या काचेवर आणा. काच काळीभोर झाली की हात तिथेच ठेवा. फक्त बोटं चौकटीत येत नाहीत ना ते पडद्यावर बघून घ्या.

निफाडी

पक्ष्यांच्या फोटोंमुळे माझा मुक्काम नांदूरमध्यमेश्वरला. थंडीत पहाटे चापडगावच्या बाजूला धुकं असतं आणि सूर्य पाण्यावरून सरळ लेन्समध्ये येतो. तिथे पहिला प्रश्न पडतो तो हा की फोटोतला धुरकटपणा हवेतला आहे की काचेतला? दोन्ही दिसायला सारखेच, उपाय मात्र पूर्ण वेगळे.

ओळखायची खूण सोपी आहे. चौकट तीच ठेवा, हाताने भिंगावर सावली करा. पडद्यावरचा काळा रंग एकदम खोल झाला तर पडदा काचेत होता. काहीच बदललं नाही तर ते धुकं आहे, आणि धुक्याशी भांडू नये. पाठीमागून उजळलेलं धुकं, त्यात बदकांच्या काळ्या आकृत्या, यासाठीच तर लोक एवढ्या गारठ्यात येतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण नवीन मंडळी वाचत आहेत. डीएसएलआरच्या आरशाच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नका. लांब पल्ल्याच्या लेन्समधून तर मुळीच नाही. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होते आणि होताना दुखतही नाही. लाइव्ह व्ह्यू लावा, पडद्यावर बघा. मोठी लेन्स सूर्याकडे रोखून स्टँडवर तशीच सोडू नका, आतले भाग भाजतात. दोन फोटोंच्या मध्ये टोपण.

घाटावरची

निफाडी, डोळ्यांचं सांगितलंत ते फार बरं केलंत. मी व्ह्यूफाइंडरच वापरत होते. आजपासून लाइव्ह व्ह्यू.

येवलेकरीण

माझ्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. इथे विचारलेलं चालेल ना? आमच्याकडे येवल्यात संक्रांतीला तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. पतंगांचे फोटो काढायचे म्हणजे वर आकाशाकडे, आणि आकाशात सूर्य. प्रत्येक फोटोत एक हिरवा टिकलीएवढा ठिपका. फोनला ना फिल्टर ना हूड, मग हा कुठून येतो?

त्र्यंबकवाट

येवलेकरीणताई, फोनच्या भिंगावर संरक्षणासाठी सपाट काच असते, तीच तुमचा फिल्टर. ती काढता येत नाही, म्हणून ठिपका जिथे पडेल तिथे त्याला निरुपद्रवी करायचं. तो सूर्याच्या बरोबर समोर पडतो हे वर आलंच आहे. सूर्य चौकटीच्या मध्याशी आणला तर ठिपका सूर्यातच विरून जातो. सूर्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर ठिपका खालच्या उजव्या. तिथे एखादी उजळ भिंत, पांढरा पत्रा, गच्चीचा कठडा असं काही आणा, ठिपका जवळजवळ दिसत नाही. काळ्या सावलीवर किंवा माणसाच्या चेहऱ्यावर येऊ देऊ नका. व्हिडिओत तो सूर्याच्या उलट दिशेला पळतो, म्हणून फोन सावकाश फिरवा.

आणि काच पुसा. फोन दिवसभर हातात असतो, तिळगुळाचे हात लागतात, भिंगावर बोटांचे तेलकट ठसे असतात. उन्हात त्याचेच लांब पट्टे उमटतात. स्वच्छ सुती कापडाचं टोक पुरे.

येवलेकरीण

गच्चीवर लगेच करून पाहिलं. पुसल्यावर पट्टे पूर्ण गेले, ठिपका राहिला. आणि एक सापडलं : फोन जरा सरकवून पतंग सूर्याच्या बरोबर आड आणला तर ठिपकाही जातो आणि पतंगाचा कागद आतून पेटल्यासारखा उजळतो. कामट्या काळ्या रेघांसारख्या स्पष्ट दिसतात. इतका सुंदर पतंग मी फोटोत कधी पाहिला नव्हता!

बातमीफोटो

येवलेकरीणताईंनी जे शोधलं तेच माझ्या मते सगळ्यात खात्रीचं : सूर्य झाकणं. वृत्तपत्रासाठी फोटो काढताना लेन्स बदलायला वेळ नसतो, पण पाऊल सरकवायला असतो. घाटावर झाकायला काय कमी आहे? देवळाचं शिखर, पुलाचा खांब, पुरोहितांच्या छत्र्या, अर्घ्य देणाऱ्याचे उचललेले हातसुद्धा. अर्धं पाऊल डावीकडे-उजवीकडे झालं की सूर्य आड जातो.

फक्त घाई असते. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो आणि त्याची स्वतःची रुंदी जेमतेम अर्धा अंश, म्हणजे दोन मिनिटांत तो आपल्याच रुंदीएवढा सरकतो. कळसाआड नेमका सूर्य धरायचा तर दोनच मिनिटं हातात, मग तुम्हीच सरकायचं.

घाटावरची, तुमची चांदणी इथेच सापडेल. सूर्य पूर्ण उघडा नको, पूर्ण झाकलेलाही नको, कळसाच्या कडेवरून चिमूटभर डोकावू द्या आणि एफ/११ ते एफ/१६ वर, म्हणजे डायफ्रामचं भोक लहान ठेवून, घ्या. लहान भोकाच्या कडांवरून उजेड वाकतो, त्याची ती किरणं. डायफ्रामच्या पात्या सम असतील तर जितक्या पात्या तितकी किरणं, विषम असतील तर दुप्पट. सहा पात्यांना सहा, सात पात्यांना चौदा. तुमच्या फोटोतली किरणं मोजा, लेन्समध्ये पात्या किती ते कळेल. एफ/२२ ला जाऊ नका, सगळा फोटो मऊ पडतो. शिवाय एवढ्या लहान भोकावर भिंगावरचा प्रत्येक थेंब आणि सेन्सरवरची धूळ दिसायला लागते.

घाटावरची

मोजली, चौदा आहेत! म्हणजे सात पात्या.

द्राक्षबाग

थोडं वेगळं मत मांडतो. लग्नाआधीचे फोटो काढतो, बहुतेक गंगापूर धरणाच्या बाजूच्या द्राक्षबागांत, संध्याकाळी. सूर्य पाण्यापलीकडे उतरायला लागला की वेलींच्या ओळींतून जोडप्याच्या मागे येतो. तेव्हा मी हूड मुद्दाम काढतो. तो सोनेरी पडदा, केसांभोवतीची उजळ कड, यासाठीच लोक तिथे येतात. सगळा फ्लेअर, म्हणजे हा पडदा आणि ठिपके, काढून टाकला तर फोटो चांगला असूनही कोरडा वाटतो. सूर्य क्षितिजाजवळ असला की जाड हवेतून गाळून येतो, त्यामुळे ठिपकेही सौम्य असतात.

चेहऱ्यावरचा हिरवा ठिपका मात्र मलाही नको. त्यासाठी स्टँडवर दोन फोटो घेतो. एक जसाच्या तसा आणि लगेच दुसरा, ज्यात लेन्ससमोर बोट धरून फक्त सूर्य झाकलेला असतो. दुसऱ्यात ठिपके नसतात, बोट असतं. संगणकावर एकावर एक ठेवून पहिल्यातलं आकाश आणि दुसऱ्यातली माणसं घेतो. दोन्हींना एक्स्पोजर मॅन्युअल आणि सारखंच हवं, नाहीतर सांधा दिसतो.

बातमीफोटो

लग्नासाठी उत्तम. पण घाटावरची ताई दस्तऐवज म्हणून फोटो काढताहेत, म्हणून सांगावंसं वाटतं. दोन क्षणांचे तुकडे जोडून एक फोटो केला की तो बातमीचा फोटो उरत नाही. वृत्तपत्रात हे चालत नाही, बऱ्याच स्पर्धांतही नाही. ओंजळीतलं पाणी पहिल्या फोटोत पडत होतं आणि दुसऱ्यात संपलं होतं, मग खरं कुठलं? ठिपका राहिला तरी चालेल, क्षण खरा हवा. तीस वर्षांनी हा घाट कसा होता हे कुणी तुमच्या फोटोंतून पाहील, त्याला गालावरचा ठिपका खटकणार नाही.

द्राक्षबाग

मान्य. जोडलेला असेल तर तसं फोटोखाली लिहावं, एवढं तरी पाळलंच पाहिजे.

निफाडी

ठिपका खटकतच असेल तर फोटो कृष्णधवल करून पाहा. हिरवा रंग गेला की निम्मा ठिपका जातो, आणि यात कुठलाही क्षण खोटा होत नाही. दुधाळ पडद्यासाठी रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढलं असेल तर संगणकावर डीहेझची, म्हणजे धुरकटपणा कमी करणारी, पट्टी थोडी, अगदी थोडी. जास्त ओढली की आकाश काजळतं.

एक्स्पोजर एक ते दोन पायऱ्या खाली ठेवा. सूर्याभोवतीचा पांढरा भाग एकदा फुटला की त्यातून काही परत येत नाही, सावलीतून मात्र बरंच काढता येतं.

घाटावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. बातमीफोटो, तुमचं पटलं, जोडकाम करणार नाही. आता एक विचारायचं राहिलं. नोव्हेंबरात सूर्य शिखराच्या ज्या बाजूला होता त्या बाजूला आता नाही. सिंहस्थाच्या वेळी तो कुठे असेल हे आधी कळू शकेल का? त्या गर्दीत ऐन वेळी जागा शोधणं अशक्य आहे.

त्र्यंबकवाट

कळतं, हिशेब सरळ आहे. नाशिक साधारण २० अक्षांशावर. इथे सूर्य २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास नेमका पूर्वेला उगवतो, म्हणजे उत्तरेपासून ९० अंशांवर. जूनअखेर तो ६५ अंशांपर्यंत उत्तरेकडे सरकतो, डिसेंबरअखेर ११५ पर्यंत दक्षिणेकडे. एकाच पायरीवर उभं राहिलात तर वर्षभरात उगवतीची जागा ५० अंश हलते. १८ मिलिमीटरला तुमची सगळी चौकट सुमारे ६५ अंश रुंद, म्हणजे सूर्य जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. ऑगस्टच्या सुरुवातीला उगवती ७१ अंशांच्या जवळ, ११ सप्टेंबरच्या सुमाराला ८५ च्या जवळ. आता गंमत बघा, सूर्य वर्षातून दोनदा त्याच जागी येतो. एप्रिलच्या पहिल्या दिवसांत ८५ आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ७१. म्हणजे एप्रिल-मेमध्ये निरभ्र आकाशात घाटावर जाऊन कुठल्या पायरीवरून सूर्य कुठल्या कळसाआड जातो ते निवांत पाहून ठेवा. होकायंत्र फोनमध्ये आहेच. क्षितिजावर इमारती आहेत, त्यामुळे सूर्य दिसेपर्यंत तो थोडा वर आणि थोडा दक्षिणेला सरकलेला असेल, तेवढं धरून चाला.

गंगापूरच्या बाजूलाही हाच हिशेब उलट्या दिशेने. डिसेंबरात मावळता सूर्य २४५ अंशांपर्यंत येतो, धरणावरून ब्रह्मगिरीच्या अंगाला. उन्हाळ्यात तो तिथून कितीतरी उजवीकडे, उत्तरेला मावळतो.

नवशिका

एप्रिल-मेचं हे कुठेच वाचलं नव्हतं. अंजनेरीच्या पायथ्याकडून सूर्योदय घ्यायचा विचार आहे, तिथेही वापरेन.

काचवाला

ऑगस्ट म्हणजे पावसाळा, त्याबद्दल दोन गोष्टी. ढगाआडचा सूर्य ठिपके कमी देतो, पण भिंगावर तुषार बसले की प्रत्येक थेंब स्वतःच एक भिंग होतो आणि पुन्हा तोच दुधाळ पडदा. मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, एक ओलं झालं की दुसरं. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग पुसा, नाहीतर नदीकाठची वाळू काचेवर घासली जाते.

दुसरं, बुरशी. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चढतात. टेबलावर येणाऱ्या 'फोटो धुरकट येतो' या तक्रारींत बुरशी आणि आतली वाफ बऱ्याचदा सापडते, आणि लोकांनी तोवर सूर्यालाच दोष दिलेला असतो. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. काच स्वच्छ असेल तर टॉर्चची फक्त प्रतिबिंबं दिसतील, बुरशी असेल तर धागे उजळतील. सुरुवातीला असेल तर साफ होते, लेप खाल्ला गेला की नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि मधूनमधून वापरत राहा.

घाटावरची

टॉर्च मारून पाहिला, धागे नाहीत. आता शेवटचं, पहिल्या पोस्टमधला प्रश्न. काही घ्यायचंच असेल तर काय घेऊ?

काचवाला

आधी हूड. किट लेन्ससोबत तो बहुतेकदा येत नाही. लेन्सचं पूर्ण नाव दुकानात सांगा, त्याच मापाचा मिळतो. 'बसतो, चालेल' म्हणून दुसऱ्या लेन्सचा घेऊ नका, कोपरे काळे येतील.

फिल्टर ठेवायचाच असेल तर तो मल्टिकोटेड, म्हणजे अनेक थरांचा लेप दिलेला, घ्या. ओळखायला दुकानातच ट्यूबलाइटखाली धरा. साध्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब पांढरंशुभ्र दिसतं, लेप दिलेल्यात ते गडद हिरवं किंवा जांभळट आणि खूप मंद.

त्यानंतरही पैसे उरले तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी लेन्स. तिच्यात भिंगांचे पाच-सहाच गट. पाच धरले तर पृष्ठभाग दहा आणि जोड्या ४५, किट लेन्सच्या १५३ पुढे. सूर्यासमोर ती बरीच स्वच्छ राहते आणि किंमत महाग झूमच्या मानाने फार कमी. मात्र तुमच्या कॅमेऱ्यावर तिची चौकट अरुंद, नारोशंकर आणि अर्घ्य देणाऱ्या माणसांची अख्खी रांग एकत्र बसणार नाही. एक माणूस, ओंजळ आणि पाण्याची धार बसेल. रुंद चौकटीसाठी तुमची १८-५५ च ठेवा, फिल्टर काढून आणि हूड लावून.